जॉयस्टिकची सेन्सिटिव्हिटी आणि रिअ‍ॅलिझम : आधी काय जुळवायचे, नंतर काय

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (थोडक्यात 'सिम'मध्ये) सेस्ना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवरून उडालो की नाक वर-खाली हेलकावे खाऊ लागते, ही नव्या माणसाची पहिली तक्रार असते. मग बहुतेक जण रिअ‍ॅलिझमचे सगळे पर्याय (विमान किती खऱ्यासारखे वागावे ते) 'सोपे' करून टाकतात, नाहीतर सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे जॉयस्टिकला विमान किती प्रतिसाद देते याचा, आकडा इतका खाली ओढतात की उतरताना नाक उचलतच नाही. दोन्ही उपायांनी दोष नुसता झाकला जातो. हेलकाव्यांची कारणे बहुधा चारच असतात : थरथरणारा सेन्सर, अडखळणारा फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणारी चित्रे), न लावलेले ट्रिम (हाताने दाब न देता नाक एका जागी ठेवणारी योजना) आणि सर्वांत शेवटी चुकीचा कर्व्ह (स्टिक किती हलली की विमानाचा भाग किती हलावा ते ठरवणारी रेषा). याच क्रमाने तपासत गेलात तर रिअ‍ॅलिझम पूर्ण ठेवूनही विमान हातात राहते.

आधी अडचण कुठे आहे ते समजून घ्या. सेस्ना १७२ एस या विमानाचे एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी, वर २८ अंश आणि खाली २३ अंश वळते. खऱ्या विमानात हा सगळा पल्ला योकच्या (वैमानिकाच्या हातातल्या चाकाच्या) लांब हालचालीवर पसरलेला असतो. शिवाय वेग वाढला की योक जड होतो : वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वळणाला हवेचा जोर चौपट लागतो. मेजावरची स्टिक वीतभर उंच, दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस अंश कलणारी आणि तिची स्प्रिंग ४० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेवढी मऊ तेवढीच १२० नॉटलाही. म्हणजे जास्त वेगात हाताला काहीच न जाणवता एलिव्हेटर नको तेवढे हलते. सेन्सिटिव्हिटीचा कर्व्ह फक्त ही उणीव भरून काढण्यासाठी असतो. बाकीच्या दोषांवर तो चालत नाही.

सेन्सर आणि कॅलिब्रेशन

विंडोजच्या स्टार्टमध्ये 'गेम कंट्रोलर' शोधलेत की 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' ही खिडकी उघडते. तिथे प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज, मग कॅलिब्रेट. कॅलिब्रेशन करताना 'डिस्प्ले रॉ डेटा' या चौकटीत खूण करा, म्हणजे सेन्सरचे खरे आकडे दिसतात. स्टिकला हात न लावता अर्धा मिनिट आकड्याकडे बघा. मग स्टिक पुढे ढकलून सोडा, मागे ओढून सोडा, आणि प्रत्येक वेळी ती कोणत्या आकड्यावर येऊन थांबते ते वहीत लिहा. पुढून आलेला आणि मागून आलेला आकडा यांतला फरक म्हणजे तुमच्या स्टिकचा खरा 'खेळ', जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये असतो तसा. डेड झोन, म्हणजे मध्याजवळ स्टिक हलूनही विमान हलत नाही तो पट्टा, किती ठेवायचा हे या फरकावरून ठरते, अंदाजाने नाही.

आकडे वाचताना स्टिकची कुवत लक्षात घ्या. १० बिटची स्टिक पूर्ण प्रवासाचे १,०२४ टप्पे करते, म्हणजे १ टक्का सुमारे १० टप्प्यांचा. ८ बिटच्या अक्षाला (हालचालीच्या एका दिशेला) २५६ च टप्पे मिळतात. स्वस्त स्टिकमध्ये मूठ पिळून चालणारा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी फळी) आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) बऱ्याचदा ८ बिटचे असतात, त्यामुळे त्यांच्याकडून एलिव्हेटरइतक्या बारकाव्याची अपेक्षा करू नये. थ्रस्टमास्टर टी.१६०००एम सारख्या स्टिकमध्ये मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहे, तोही १४ बिटचा, म्हणजे १६,३८४ टप्पे. हॉल सेन्सरमध्ये चुंबकाचे क्षेत्र मोजले जाते, काहीही घासत नाही, म्हणून तो झिजत नाही.

साध्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. दुकानात आणि दुरुस्तीवाल्याकडे त्याला 'पॉट' म्हणतात. त्यात कार्बनच्या पट्टीवरून धातूचा पातळ पाय सरकतो. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये घरात जी बारीक धूळ बसते ती या पट्टीवर गेली की आकडा थरथरतो, किंवा मध्येच एकदम उडी मारतो. सगळ्यात आधी बिघडतो तो पिळायचा रडर. केबल काढा, खालचे स्क्रू खोला, पॉटच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारा, अक्ष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. गंज सोडवायचे तेल वापरू नका. त्याचा चिकट थर मागे राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट धूळ धरतो. साफ करूनही ठरावीक एकाच जागी उडी येत असेल तर पट्टी झिजलेली आहे, पॉट बदलावा लागेल. वापर नसताना स्टिकवर कापड टाकून ठेवायची सवय लावली तर ही वेळ फार उशिरा येते.

आकडा सगळीकडे सारखाच थरथरत असेल तर पॉटवर संशय घेण्याआधी जोडणी बदलून पाहा. विजेचा वेगळा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबवर स्टिक, माऊस, कीबोर्ड आणि बाहेरची हार्ड डिस्क एकत्र लावली की असे होते. डेस्कटॉप असेल तर स्टिक थेट मागच्या पोर्टला लावा.

एकाच अक्षाला दोन उपकरणे जोडली जाणे, हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नवे उपकरण दिसले की त्याला आपल्या मनाने कामे वाटून देतो. गेमपॅड, स्टिक आणि पेडल तिन्ही लावलेली असतील तर रडर तिन्हीकडे असू शकतो. कंट्रोल्सच्या यादीत प्रत्येक उपकरण उघडून नको ती नेमणूक काढा. थ्रॉटलचा अर्धाच प्रवास काम करत असेल तर नेमणूक चुकीच्या प्रकारची आहे : '० ते १०० टक्के' असा वेगळा पर्याय यादीत असतो, दोन्ही पर्याय लावून कोणता पूर्ण चालतो ते पाहा.

फ्रेम रेट, ज्याकडे कोणी बघत नाही

२० फ्रेमच्या वेगाने चालणाऱ्या सिममध्ये दोन चित्रांमध्ये ५० मिलिसेकंद जातात. नाक वर गेलेले उशिरा दिसते, हात उशिरा सावरतो, तोवर नाक आणखी पुढे गेलेले असते, म्हणून हात जास्त ढकलतो. खऱ्या वैमानिकांनाही हा प्रकार माहीत आहे. वैमानिकाच्याच हाताने वाढत जाणारे हेलकावे म्हणतात ते हेच. स्टिक यात निर्दोष असते. मे महिन्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो, आणि सकाळी नीट उडणारे विमान दुपारी 'चंचल' वाटते. ढग, सावल्या आणि दूरवरची घरे-झाडे यांचा दर्जा एक-एक पायरी कमी करून ३० फ्रेम स्थिर ठेवा. कधी ५० आणि कधी १८ असे होण्यापेक्षा कायम ३० मिळणे हाताला कितीतरी बरे.

ट्रिम

ट्रिम न लावता सेन्सिटिव्हिटी जुळवणे व्यर्थ आहे. सरळ उडण्यासाठी जर स्टिक थोडी पुढे दाबून धरावी लागत असेल, तर तुम्ही कर्व्हच्या मधल्या शांत भागातून बाहेर, तीव्र भागात काम करत आहात. पद्धत अशी : आधी स्टिकनेच नाक हव्या त्या जागी धरा, वेग स्थिर होऊ द्या, मग हाताला जाणवणारा दाब जाईपर्यंत ट्रिम फिरवा. ट्रिमने नाक वर-खाली करू नका. ट्रिमसाठी स्टिकवरची अंगठ्याजवळची दोन बटणे द्या, कीबोर्डवर ठेवू नका. एका दाबाला ट्रिम फारच पुढे जात असेल तर बटण धरून न ठेवता टिचकीसारखे दाबा.

रिअ‍ॅलिझम : काय चालू, काय बंद

आमचे मत स्पष्ट आहे. विमान हवेत कसे वागते याच्याशी संबंधित प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवसापासून खरी ठेवा. ज्या सोयी फक्त वेळ वाचवतात त्या सुरुवातीला खुशाल घ्या. आपटल्यावर फ्लाइट पुन्हा लोड होणे बंद ठेवले तर शिकणाऱ्याचा फायदाच होतो. इंधन अमर्याद ठेवले तर मात्र वजन कमी होत नाही आणि विमानाचे वागणे बदलते, म्हणून ते नको.

ऑटो-रडर, म्हणजे सिमने रडर आपणच देणे, हा पहिला निर्णय. स्टिक पिळता येत असेल किंवा पेडल असतील तर तो बंदच हवा. एक इंजिनाच्या विमानात पूर्ण शक्तीवर टॉर्क (इंजिनाच्या फिरण्याचा उलटा पीळ), पंख्याच्या दोन बाजूंचा असमान जोर आणि पंख्यामागून गोल फिरत येणारी हवा, हे तिन्ही मिळून नाक डावीकडे ओढतात. उड्डाणाच्या धावेत उजवा रडर द्यावाच लागतो. ऑटो-रडर तो परस्पर देतो आणि पाय किंवा मनगट काही शिकत नाही. आडव्या वाऱ्यात तर तो आडवाच येतो, कारण तिथे एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) एकीकडे आणि रडर दुसरीकडे द्यावा लागतो. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये रडरचा अक्ष नेमलेलाच नसेल तर सिम स्वतः तो सांभाळतो, म्हणून पिळायचा अक्ष नेमला आहे याची खात्री करा. फ्लाइटगिअर या सिममध्ये ऑटो-कोऑर्डिनेशन नावाचा पर्याय आहे, तो बंद करा. २००६ च्या एफएसएक्सवर (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सवर) अजून उडणारे खूप जण आहेत. त्यात जनरल, पी-फॅक्टर (पंख्याचा असमान जोर), टॉर्क आणि जायरो या पट्ट्या पूर्ण उजवीकडे न्या आणि वेग 'इंडिकेटेड' (काट्यावरचा) दाखवायला सांगा, 'ट्रू' (हवेतला प्रत्यक्ष) नको.

वेगाचा हा मुद्दा आणि इंधन-हवेच्या मिश्रणाचा, म्हणजे मिक्स्चरचा, मुद्दा मराठवाड्यात उडताना फार मोलाचा ठरतो. चिकलठाणा विमानतळ, सिममधला कोड व्हीएएयू, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९११ फुटांवर आहे. या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश सेल्सिअस. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश धरले तर फरक ३१ अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट या हिशोबाने ३,७२० फूट वाढतात आणि विमानाच्या दृष्टीने तुम्ही साडेपाच हजार फुटांहून उंच जागी उभे असता. हवेचा दाब १०१३ ऐवजी १००५ असेल तर दर हेक्टोपास्कलला ३० फूट धरून आणखी २४० फूट.

याचे परिणाम मोजता येतात. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना ३ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे १८० अश्वशक्तीच्या इंजिनातून पंधरा-सतरा टक्के गेले. पंख्याला हवा कमी, पंखांना हवा कमी. काट्यावर ६५ नॉट असताना जमिनीशी खरा वेग ७० च्या पुढे असतो, म्हणून धाव लांबते आणि उतरताना धावपट्टी वेगाने अंगावर येते. नवा माणूस घाबरून काट्याचा वेग ६५ वरून ५५ वर आणतो, आणि तिथेच घात होतो. काट्याकडे बघायचे, जमिनीकडे बघून वेग ठरवायचा नाही. हे शिकायला ऑटो-मिक्स्चर बंद आणि तापमान खरे हवे. काही सिममध्ये तापमान थेट भरता येते, काहींत प्रमाणापेक्षा किती जास्त ते विचारतात. दुसऱ्या प्रकारात ३१ भरा.

मिश्रणाची कृती : धावपट्टीच्या टोकाला ब्रेक धरा, थ्रॉटल पूर्ण द्या, मिक्स्चरची लाल मूठ सावकाश मागे ओढा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) थोडे चढतील, मग उतरू लागतील. चढलेल्या जागी परत या आणि केसभर आत ढकला. सेस्नाच्या पुस्तकात ३,००० फुटांवरच्या विमानतळांसाठी ही कृती दिली आहे. उन्हाळ्यातल्या चिकलठाण्याची हवा त्याहूनही विरळ असते. उतरण्याआधी मूठ पुन्हा पुढे न्यायला विसरू नका.

जायरोचे सरकणे, म्हणजे हेडिंगचा (दिशेचा) काटा हळूहळू चुकत जाणे, हेही चालू ठेवा. चिकलठाण्याहून नांदेड सरळ रेषेत सुमारे ११६ नॉटिकल मैल, दिशा साधारण १११ अंश, उंची ५,५०० फूट. सेस्नाला तासाभराचा प्रवास. जालना डावीकडे राहते, परभणी उजवीकडे, आणि शेवटी गोदावरी दिसते. दर १५ मिनिटांनी सरळ, समतल उडताना होकायंत्र बघून हेडिंगचा काटा जुळवा. साध्या नियमाने ६० मैलांत १ अंशाची चूक १ मैल बाजूला नेते. ५ अंश चुकले तर नांदेडला पोचेपर्यंत तुम्ही दहाएक मैल बाजूला असाल.

आता सेन्सिटिव्हिटी

कर्व्हचे गणित थोडे बघू. सरळ रेषेत स्टिक २५ टक्के हलली तर एलिव्हेटरही २५ टक्के. कर्व्ह वर्गाचा असेल तर २५ टक्क्यांना ६ टक्के मिळतात, ५० ला २५ आणि ७५ ला ५६. मधला भाग मऊ झाला, पण ५० ते ७५ या पाव प्रवासात ३१ टक्के बदल कोंबला गेला. सरळ उडताना सुख वाटते. उतरताना मात्र नाक उचलायला स्टिक अर्ध्याच्या पुढे न्यावी लागते, तिथे कर्व्ह खडा असतो आणि विमान फुग्यासारखे वर उठते. म्हणून जेवढा कमी वाकवता येईल तेवढा कर्व्ह कमी वाकवा.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कंट्रोल्समधून स्टिक निवडून सेन्सिटिव्हिटीत जा. एलिव्हेटरला उणे ३०, एलेरॉनला उणे २५, पिळायच्या रडरला उणे ४५ पासून सुरुवात करा. अधिक आणि उणे दोन्ही बाजूंचे आकडे सारखे ठेवा. डेड झोन तुम्ही मोजलेल्या खेळाहून अगदी थोडा जास्त : चांगल्या स्टिकला १ ते ३ टक्के, पिळायच्या रडरला ५ ते ८. दहा टक्के डेड झोन दिला तर मध्यावर विमान ऐकत नाही आणि मग एकदम ऐकते, हेलकावे तिथूनच पुन्हा सुरू होतात. पॉट शेवटच्या टोकाला १०० टक्के दाखवत नसेल, ९७ वर अडत असेल, तर एक्स्ट्रिमिटी डेड झोन ३ द्या. रिअ‍ॅक्टिव्हिटी १०० च ठेवा. ती कमी केली की स्टिकचा हुकूम हळूहळू पोचतो, आणि उशिरा पोचणारा हुकूम काय करतो ते वर फ्रेम रेटमध्ये आलेच आहे.

एक्स-प्लेनमध्ये कंट्रोल सेन्सिटिव्हिटीत पिच (नाक वर-खाली), रोल (कलणे) आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे) यांचे रिस्पॉन्स ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याच्या शेजारच्या स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनच्या तिन्ही पट्ट्या शून्यावर न्या. त्या वाढवल्या की सिम तुमच्या हाताविरुद्ध आपणच विमान सावरतो, आणि ट्रिम लागले आहे की नाही हेच कळेनासे होते.

तपासणीसाठी आकाश निरभ्र, वारा शून्य, तापमान सौम्य ठेवा. ४,५०० फूट, २,३०० आरपीएम, ट्रिम नीट. स्टिक सोडा. विमान पंचवीस-तीस सेकंदांची एक सावकाश लाट घेईल, हा त्याचा स्वभाव आहे. लाट आपोआप मावळायला हवी. मग नाक ५ अंश वर नेऊन तिथेच थांबवा. एकदा पुढे जाऊन परत येणे ठीक. तीन-चारदा झोके आले तर एलिव्हेटर आणखी ५ ने मऊ करा. पुढे ३० अंश कलवून एक पूर्ण गोल डावीकडे, एक उजवीकडे. एकेक गोल सुमारे मिनिटभराचा, उंची १०० फुटांत राहिली पाहिजे. कल २७ आणि ३३ मध्ये सतत नाचत असेल तर एलेरॉन मऊ करा.

शेवटी सर्वांत बोलकी कसोटी : फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली उतरणाऱ्या फळ्या) पूर्ण, वेग ५५ नॉट, उंची कायम, मग थ्रॉटल बंद करून स्टिक हळूहळू पूर्ण मागे. सेस्ना ४० नॉटच्या आसपास स्टॉल झाली पाहिजे, म्हणजे पंखांची उचल सुटली पाहिजे. त्याआधीच हात टोकाला पोचला आणि विमान तसेच तरंगत खाली येत राहिले, तर बाहेरच्या दृश्यातून एलिव्हेटर पूर्ण वर जाते का ते बघा. जात नसेल तर दोष कॅलिब्रेशनमध्ये आहे, कर्व्हमध्ये नाही. एका वेळी एकच आकडा बदला, तोही ५ ने. दोन आकडे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हे जमले की वारा द्या. धावपट्टी २७ (दिशा सुमारे २७० अंश) आणि वारा २३० अंशांवरून १२ नॉट, हा पावसाळ्यातल्या सरावाला योग्य प्रसंग आहे : कोन ४० अंशांचा, आडवा वारा सुमारे ८ नॉट. सेस्ना १७२ साठी कंपनीने करून दाखवलेली मर्यादा १५ नॉट आहे. डावा पंख वाऱ्याकडे झुकवून उजव्या रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत धरा. रडर पिळताना एलेरॉनही नकळत हलतो, हा पिळायच्या स्टिकचा जन्मजात दोष. त्यावर रोलचा डेड झोन १ टक्का वाढवण्यापलीकडे खरा उपाय पेडलचाच.

प्रत्येक विमानाला हेच आकडे लावू नका. एअरबस ए३२० मध्ये स्टिक थेट एलिव्हेटर हलवत नाही, संगणकाकडे मागणी नोंदवते. तिथे कर्व्ह जवळपास सरळ ठेवा आणि हवी ती स्थिती मिळाली की स्टिक सोडून द्या. सेस्नाचे एक प्रोफाइल आणि एअरबसचे दुसरे, अशी नावे देऊन साठवा आणि आकडे वहीतही उतरवून ठेवा. सिमचा मोठा अपडेट आला किंवा स्टिक दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावली की नेमणुका कधीकधी मूळ स्थितीला जातात. उडण्याआधी जमिनीवरच स्टिक चारही बाजूंना फिरवून बाहेरच्या दृश्यात एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर बरोबर दिशेला, पूर्ण टोकापर्यंत जातात का ते बघून घ्या.